पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी : निदान कसे करावे आणि नोंद कशी लिहावी

केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेले 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' हे शब्द कोल्हापुरातल्या कोणत्याही दवाखान्याला किंवा वॉर्डाला नवे नाहीत. ते कोणी लिहिले, कशावरून लिहिले आणि त्या वेळी रुग्णाला नेमके काय झाले होते, हे मात्र त्या कागदावर बहुधा सापडत नाही. पुढचा डॉक्टर ते शब्द वाचतो, धोका नको म्हणून दुसरे औषध लिहितो आणि आपल्या कागदावर तेच शब्द पुन्हा उतरवतो. असा हा शिक्का वर्षानुवर्षे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर चालत राहतो. जनरल प्रॅक्टिशनर, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांनी हा शिक्का तपासायचा कसा, आणि खरा ठरल्यास तो उपयोगी पडेल अशा रीतीने लिहायचा कसा, एवढाच या मार्गदर्शिकेचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा की सुमारे १० टक्के रुग्णांच्या नावापुढे पेनिसिलिन अ‍ॅलर्जीची नोंद असते. परंतु त्यांची रीतसर तपासणी केली असता ९० टक्क्यांहून अधिक जणांना पेनिसिलिन सुखरूप चालते. काहींच्या बाबतीत मुळात झालेला त्रास अ‍ॅलर्जीचा नव्हताच. इतरांच्या बाबतीत तो होता, पण काळाबरोबर ओसरला, कारण आयजीई या तत्काळ अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्के लोकांमध्ये दहा वर्षांत नाहीशी होते. चुकीच्या शिक्क्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, असा शिक्का असलेल्यांना एमआरएसए या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूच्या संसर्गाचा धोका ६९ टक्क्यांनी आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्याच्या संसर्गाचा धोका २६ टक्क्यांनी जास्त आढळला. याचे मोठे कारण म्हणजे पेनिसिलिनच्या जागी दिली गेलेली इतर प्रतिजैविके.

आपल्या भागात हा प्रश्न ठरावीक ठिकाणी नेहमी आडवा येतो. संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब झालेली मुले दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिन घेण्यासाठी येतात. पावसाळ्यात सिंधुदुर्गातून घाट चढून येणाऱ्या आणि आपल्याकडच्या भातशेतीत राबणाऱ्या तापाच्या रुग्णांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचा संशय असतो, आणि तिथे पेनिसिलिन हे जुने आणि खात्रीचे औषध आहे. गरोदर स्त्रीला सिफिलिस असेल, तर बाळापर्यंत पोहोचणारा भरवशाचा उपचार पेनिसिलिन हाच असून त्याला तोडीचा पर्याय नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाच्या तपासणीत तर हा प्रश्न हमखास निघतो.

आधी इतिहास, मग बाकी सगळे

पेनिसिलिन अ‍ॅलर्जीचे निदान सर्वांत जास्त कशाने होत असेल, तर ते खुर्ची जवळ ओढून दहा-पंधरा मिनिटे नीट बोलण्याने होते. 'कशाची अ‍ॅलर्जी आहे का?' हा प्रश्न पुरेसा नाही. त्यावर 'हो, इंजेक्शन चालत नाही' असे उत्तर येते आणि संभाषण तिथेच संपते. त्याऐवजी काय झाले ते रुग्णाला त्याच्या शब्दांत सांगू द्यावे आणि ते शब्द आपण वैद्यकीय भाषेत उतरवावेत. 'अंगावर पित्त उठलं' किंवा 'गांधी उठल्या' म्हणजे बहुतेक वेळा अर्टिकेरिया; 'तोंड सुजलं, डोळे मिटले' म्हणजे अँजिओएडेमा असण्याची शक्यता; 'घसा आवळल्यागत झाला, धाप लागली' हे वाक्य आले की आपण सावध व्हावे; आणि 'तोंड आलं, डोळे लाल झाले, कातडी सोलली' असे कोणी सांगितले, तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (कातडी सोलवणारी गंभीर औषध-प्रतिक्रिया) डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचा प्रश्न विचारावा. 'रिअ‍ॅक्शन आली' या शब्दांत मात्र यांपैकी काहीही असू शकते, म्हणून त्या शब्दांवर कधीच थांबू नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. औषध घेतल्यानंतर तासाभरात, फार तर सहा तासांत सुरू झालेला त्रास आयजीई-जन्य असण्याची शक्यता असते. उपचार सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी उठलेले, खाजणारे किंवा न खाजणारे साधे पुरळ हा वेगळा आणि बहुधा सौम्य प्रकार असतो. पहिल्या मात्रेनंतर झाले की पाचव्या दिवशी, औषध बंद केल्यावर किती दिवसांनी गेले, सलाइन लावावे लागले का, रात्रभर दवाखान्यात ठेवले का, हे प्रश्न एकामागोमाग विचारावेत.

साल विचारले की बहुतेक रुग्ण अडखळतात. 'लई वर्सं झाली' यापलीकडे उत्तर मिळत नाही. अशा वेळी सर्वांना आठवणाऱ्या घटनांचा आधार घ्यावा. २०१९ च्या महापुराआधी की नंतर, हा प्रश्न कोल्हापूर, शिरोळ, करवीर भागातील माणसाला विचारला, तर उत्तर क्षणात मिळते. त्याहून जुन्या घटनेसाठी २००५ चा पूर आहे, अलीकडच्यासाठी २०२१ चा आहे. घरातले लग्न, लेकीचे बाळंतपण, विहिरीचे काम यांवरूनही साल काढता येते. ही माहिती पुढे गुण मोजताना लागते, म्हणून तिचा कंटाळा करू नये.

औषध कोणते होते हा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे, कारण अजूनही कित्येक गावांत गोळ्या कागदाच्या पुडीतून दिल्या जातात. एकाच पुडीत प्रतिजैविक, वेदनाशामक आणि आम्लपित्ताची गोळी असते, आणि त्रास झाल्यावर दोष मात्र 'पॉवरच्या गोळी'ला, म्हणजे प्रतिजैविकाला, दिला जातो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळेही अंगावर पित्त उठते आणि चेहरा सुजतो, हे लक्षात ठेवून त्याच वेळी घेतलेल्या प्रत्येक औषधाची चौकशी करावी. त्यानंतर ते वेदनाशामक रुग्णाने पुन्हा घेतले आहे का, हेही विचारावे. सल्फाची अ‍ॅलर्जी पेनिसिलिनच्या नावावर खपून गेलेलीही दिसते.

याच्या उलट बाजूही तितकीच उपयोगी आहे. रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतली जुनी कागदपत्रे टेबलावर पसरून वाचावीत. 'पेनिसिलिन चालत नाही' असे ठामपणे सांगणाऱ्या माणसाने दाढ काढल्यावर ऑगमेंटिनचा पूर्ण कोर्स, खोकल्यासाठी मॉक्स किंवा जखमेसाठी मेगापेन बिनतक्रार घेतलेले असते, कारण ही औषधेही पेनिसिलिनच्याच कुळातली आहेत हे त्याला माहीत नसते. शिक्का बसल्यानंतरच्या काळात असे औषध निर्वेध घेतल्याचा पुरावा मिळाला, तर निदानाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. फक्त ते औषध, त्याचे साल आणि पुरावा म्हणून वापरलेला कागद यांची नोंद करावी. पेनिड्युअर, पेंटिड्स, अ‍ॅम्पिक्लॉक्स ही नावेही रुग्णाला वाचून दाखवावीत.

काही त्रास अ‍ॅलर्जीसारखे दिसतात, पण अ‍ॅलर्जी नसतात, आणि ते ओळखता आले की अर्धे शिक्के गळून पडतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने होणारे जुलाब आणि मळमळ हे दुष्परिणाम आहेत. लहान मुलांना विषाणूजन्य तापात अमॉक्सिसिलिन दिल्यावर उठणारे पुरळ बहुधा त्या विषाणूचे असते. लेप्टो किंवा सिफिलिसच्या रुग्णाला पेनिसिलिनच्या पहिल्या मात्रेनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप येणे ही यारिश-हेर्क्सहाइमर प्रतिक्रिया असते. ती मरणाऱ्या जंतूंमुळे येते आणि तिच्यासाठी औषध बंद करायचे नसते. 'आमच्या आईला चालत नव्हतं, म्हणून मीपण घेत नाही' हे कारण तर शिक्क्यासाठी मुळीच पुरेसे नाही.

इंजेक्शननंतर आलेल्या घेरीचे प्रकरण थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. 'सुई टोचल्या टोचल्या डोळ्यापुढं अंधारी आली बघा' हे वाक्य बेन्झाथिनच्या दुखऱ्या इंजेक्शनबाबत वारंवार कानांवर येते. भीतीने किंवा वेदनेने आलेल्या घेरीत नाडी मंद असते, चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो आणि आडवे करून पाय उंच केले की माणूस काही मिनिटांत सावरतो. अंगावर पित्त उठत नाही, खाज नसते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे साऱ्या शरीराला ग्रासणाऱ्या जिवावरच्या अ‍ॅलर्जीत, नाडी बहुधा वेगाने चालते, खाज, पित्त किंवा सूज यांची साथ असते आणि नुसते आडवे करून भागत नाही. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोकेन पेनिसिलिननंतर काहींना अचानक मृत्यूची भीती वाटणे, भास होणे, छातीत धडधडणे असा विलक्षण त्रास होई. तोही अ‍ॅलर्जीचा नसून औषधाचे कण रक्तवाहिनीत गेल्याचा परिणाम होता. झडपांचा आजार बळावलेल्या रुग्णांमध्ये बेन्झाथिननंतर झालेले काही मृत्यू अ‍ॅलर्जीमुळे नव्हे, तर हृदयावर आलेल्या ताणामुळे झाले असावेत, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली म्हटले आणि अशा अतिजोखमीच्या रुग्णांसाठी तोंडावाटे औषध देण्याचा विचार सुचवला. म्हणून झडपांच्या रुग्णाला इंजेक्शन द्यायचे ते त्याला झोपवून, पाणी पाजून आणि नंतर काही वेळ थांबवून द्यावे.

जोखीम मोजणे

इतिहास हाती आला की प्रौढ रुग्णासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेली पेन-फास्ट ही गुणपद्धत वापरावी. तिच्यात तीनच प्रश्न आहेत. प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस, अँजिओएडेमा किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया झाली असेल तर २ गुण. आणि त्या प्रतिक्रियेवर उपचार करावे लागले असतील तर १ गुण. काळ किंवा उपचार माहीत नसेल, तर तो गुण धरावा. शून्य गुण असल्यास खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता १ टक्क्याहून कमी, १ किंवा २ असल्यास सुमारे ५ टक्के, ३ असल्यास सुमारे २० टक्के आणि ४ किंवा ५ असल्यास सुमारे ५० टक्के असते. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे कमी जोखीम. गुणांनी इतिहासाची जागा घेऊ नये, हे इथे सांगितले पाहिजे. कातडी सोलल्याची गोष्ट तीस वर्षांपूर्वीची असेल, तर गुण दोन-तीनच होतील, पण त्या रुग्णाला पेनिसिलिन पुन्हा द्यायचे नाही.

उदाहरणादाखल एक कल्पित रुग्ण घेऊ. भुदरगड तालुक्यातील ५२ वर्षांच्या एक मावशी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होतात. कागदावर 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' एवढेच लिहिलेले आहे.

'मावशी, औषध घेतल्यावर किती वेळानं त्रास सुरू झाला?'

'तिसऱ्या दिवशी बघा. पोटावर, पाठीवर पुरळ उठलं हुतं, लई खाजवायचं.'

'तोंड सुजलं होतं का? श्वास घ्यायला त्रास?'

'न्हाई, तसं काय न्हाई. डॉक्टरांनी एक सुई दिली, दोन दिवसांत ग्येलं.'

'महापुराआधी की नंतर?'

'आधी. थोरल्याचं लगीन व्हायचं हुतं तवा.'

घटना पाच वर्षांहून जुनी, गंभीर लक्षण नाही, उपचार झाले. म्हणजे गुण १. शस्त्रक्रियेआधीच्या सेफाझोलिनला (पेनिसिलिनशी नाते असलेल्या सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविक) इथे अडथळा नाही, आणि शिक्का काढण्यासाठी या मावशी तोंडी चाचणीस योग्य आहेत.

टेस्ट डोस : सवय आणि शास्त्र

आपल्याकडे इंजेक्शनआधी हाताच्या कातडीत थोडे औषध टोचून, त्याभोवती बॉलपेनने गोल काढून वीस मिनिटांनी पाहण्याची पद्धत इतकी रुजली आहे की ती न करणे धाडसाचे वाटते. परंतु जशी ती बहुतेक ठिकाणी केली जाते, तशी ती फारसे काही सिद्ध करत नाही. औषध किती पातळ केले हे ठरलेले नसते. तीव्र द्रावणाने कोणाचीही कातडी लाल होते आणि नसलेली अ‍ॅलर्जी जन्माला येते. शेजारी नुसत्या सलाइनचा टोचा नसतो, त्यामुळे सुईचा लालपणा आणि औषधाचा लालपणा वेगळा काढता येत नाही. बेन्झाथिन हे तर कणयुक्त, न विरघळणारे औषध आहे. ते त्वचाचाचणीसाठी वापरूच नये. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या सेफॅलोस्पोरिनआधी, अ‍ॅलर्जीचा इतिहास नसताना, सरसकट टेस्ट डोस देण्याला तर काहीच आधार नाही. माझे मत स्पष्ट आहे : इतिहास न विचारता केलेला टेस्ट डोस डॉक्टरला खोटे समाधान देतो आणि रुग्णाला खोटा शिक्का देतो.

संस्थेच्या नियमानुसार चाचणी करायचीच असेल, तर ती नीट करावी. बेन्झिलपेनिसिलिनच्या १० लाख युनिटच्या कुपीत १० मिली सलाइन घातल्यास प्रत्येक मिलीत १ लाख युनिट होतात. त्यातील १ मिली घेऊन सलाइनने १० मिली करावे, म्हणजे प्रति मिली १०,००० युनिट हे कातडीला न चुरचुरणारे द्रावण मिळते. आधी प्रिक चाचणी (कातडीवर थेंब ठेवून हलका टोचा) करावी आणि ती १५ ते २० मिनिटांनी वाचावी. सलाइनच्या ठिकाणापेक्षा फोड ३ मिमी किंवा अधिक मोठा असेल, तर चाचणी सकारात्मक समजून तिथेच थांबावे. नसेल, तर ०.०२ ते ०.०५ मिली त्वचेच्या आत देऊन पुन्हा १५ ते २० मिनिटांनी फोडाचा व्यास पट्टीने मोजावा. सलाइन आणि हिस्टामिन (कातडीवर फोड उठवणारे द्रव्य) हे दोन्ही तुलनेचे टोचे सोबत हवेतच, कारण रुग्णाने सेट्रिझिन किंवा एव्हिल यांसारखे अ‍ॅलर्जीविरोधी औषध घेतले असेल तर हिस्टामिनही उठत नाही आणि सगळीच चाचणी निरर्थक ठरते. अशी औषधे काही दिवस आधी, साधारणतः आठवडाभर, बंद ठेवावीत. अलीकडे प्रतिक्रिया होऊन गेली असेल, तर चाचणीआधी चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत. एक मर्यादा मान्य करावी लागते : परदेशी मार्गदर्शिकांत ज्याच्यावर सारी भिस्त असते, ते बेन्झिलपेनिसिलॉइल पॉलिलायसिन हे त्वचाचाचणीचे द्रव्य आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे नुसत्या बेन्झिलपेनिसिलिनने आलेल्या नकारात्मक उत्तरावर जास्त जोखमीच्या रुग्णात विसंबू नये.

तोंडी चाचणी

कमी जोखमीच्या रुग्णासाठी त्वचाचाचणीला वळसा घालून थेट तोंडी मात्रा देता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, पेन-फास्ट गुण तीनपेक्षा कमी असलेल्या प्रौढांमध्ये हा मार्ग त्वचाचाचणीच्या मार्गाइतकाच सुरक्षित ठरला. रुग्णाची प्रकृती त्या दिवशी ठीक असावी, दमा आटोक्यात असावा आणि लेखी संमती मराठीत घेतलेली असावी. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरील औषध) घेणाऱ्या रुग्णाबाबत आधी फिजिशियनशी बोलावे, कारण अशा रुग्णात अ‍ॅड्रेनॅलिनचा प्रभाव कमी पडू शकतो. रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन नोंदवून अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅची एक मात्रा द्यावी आणि किमान एक तास रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवावे. थोडी शंका असेल, तर आधी ५० मिग्रॅ देऊन अर्ध्या-पाऊण तासाने पूर्ण मात्रा द्यावी. मुलांमध्ये साध्या पुरळाचा इतिहास असेल, तर वजनाप्रमाणे नेहमीची एक मात्रा याच रीतीने देतात. दोन-तीन दिवसांनी फोन करून पुरळ आले नाही ना, हे विचारावे आणि तो फोनही नोंदवावा. त्रास अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने झाल्याचे खात्रीने माहीत असेल, तर चाचणी त्याच औषधाची करावी, कारण क्वचित दोष क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा असतो.

स्टीव्हन्स-जॉन्सन, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस किंवा ड्रेस या औषधांच्या गंभीर प्रतिक्रियांचा इतिहास, पेनिसिलिनमुळे झालेला रक्तपेशींचा नाश, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा दाह या परिस्थितींत चाचणी करायची नसते. ज्या दवाखान्यात ऑक्सिजन, सलाइन आणि भरलेले अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी नाही, तिथेही करायची नसते. अशा रुग्णाला कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा दुसऱ्या सुसज्ज रुग्णालयात पाठवावे.

चाचणीत किंवा कोणत्याही इंजेक्शननंतर अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला, तर पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिन. आपल्याकडे हात आधी एव्हिल आणि एफकॉर्लिन (स्टिरॉइड) यांच्याकडे जातो, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. प्रौढाला १ मिग्रॅ प्रति मिली तीव्रतेचे अर्धा मिली अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत द्यावे, मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ, सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवावे आणि एकदम उठवून बसवू नये. सोय असल्यास लक्षणे सुरू झाल्यापासून अर्ध्या ते दोन तासांच्या आत ट्रिप्टेज (अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढणारे द्रव्य) मोजण्यासाठी रक्त घ्यावे आणि चोवीस तासांनंतर दुसरा नमुना घ्यावा. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.२ पटीत २ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा मोठा असेल, तर निदानाला बळकटी मिळते.

सेफॅलोस्पोरिनचे काय

पेनिसिलिन चालत नाही म्हणजे दहा टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही चालत नाही, हा जुना आकडा अजून तोंडी फिरतो. सुरुवातीच्या काळातील सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असत, हे त्यामागचे एक कारण. प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे २ टक्के आहे आणि ते रेणूच्या बाजूच्या साखळीवर अवलंबून असते. अमॉक्सिसिलिनची साखळी सेफाड्रॉक्सिलशी आणि अ‍ॅम्पिसिलिनची सेफॅलेक्सिन व सेफॅक्लोरशी जुळते, म्हणून त्या जोड्या टाळाव्यात. सेफाझोलिनची साखळी सर्वांहून वेगळी आहे. कार्बापेनेम या आणखी एका संबंधित प्रतिजैविक गटात हे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे.

नोंद

'पेनिसिलिन ए. पॉझिटिव्ह' किंवा 'टेस्ट डोस +' ही नोंद नव्हे. वाचणाऱ्याला रुग्णाला पुन्हा न विचारता निर्णय घेता आला पाहिजे, ही नोंदीची कसोटी. त्यासाठी औषधाचे मूळ नाव, ब्रँड माहीत असल्यास तोही, मार्ग, मात्रा आणि ते कशासाठी दिले होते, कितव्या मात्रेनंतर आणि किती वेळाने त्रास झाला, लक्षणांचे वर्णन, केलेले उपचार, बरे व्हायला लागलेला काळ, सोबत घेतलेली औषधे, त्यानंतर चाललेली पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन, माहितीचा स्रोत, आणि आपला निष्कर्ष एवढे हवे. अ‍ॅलर्जी आणि असह्यता हे रकाने वेगळे ठेवावेत. जुलाब पहिल्या रकान्यात कधीच जाऊ नयेत. पुरळ आता अंगावर असेल, तर रुग्णाच्या परवानगीने फोटो घ्यावा. मागच्या पुरळाचा फोटो लेकाच्या मोबाइलमध्ये असू शकतो, तोही मागावा.

वरच्या मावशींची नोंद अशी लिहिता येईल : 'अमॉक्सिसिलिन गोळ्या असाव्यात, पुडीतून दिलेल्या, नाव अनिश्चित, घशाच्या दुखण्यासाठी, २०१९ पूर्वी. तिसऱ्या दिवशी पोट व पाठीवर खाजणारे पुरळ. सूज, धाप, तोंडातील फोड नाहीत. एक इंजेक्शन दिले, दोन दिवसांत गेले. सोबत वेदनाशामक होते का, आठवत नाही. माहिती रुग्ण व मुलगा यांच्याकडून. पेन-फास्ट १. निष्कर्ष : कमी जोखीम, अ‍ॅलर्जी अनिश्चित. सेफाझोलिन देण्यास हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर तोंडी चाचणी करावी.' एवढे लिहायला तीन मिनिटे लागतात.

खऱ्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला मराठीत लिहिलेले कार्ड द्यावे. त्यावर 'पेनिसिलिन' एवढ्यावर न थांबता टाळायची औषधे नावानिशी असावीत : अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पायपरॅसिलिन आणि त्यांची नेहमीची ब्रँड नावे. चालणारी औषधेही लिहावीत, कारण रात्री अपघातात आणलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरला तीच ओळ आधी हवी असते. हंगामात बीड, धाराशिवकडून (पूर्वीचे उस्मानाबाद) येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत आपला केसपेपर पुढच्या वर्षी त्यांच्या हाती असेलच असे नाही. म्हणून कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगावे आणि आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर त्यालाही नोंद जोडावी. रोगसंकेत देताना पेनिसिलिन अ‍ॅलर्जीच्या पूर्वेतिहासासाठी आयसीडी-१० मधील झेड ८८.० हा संकेत वापरतात.

चाचणीनंतर शिक्का खोटा ठरला, तर तो खोडणे हे स्वतंत्र काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते. जुन्या नोंदीवर नुसती काट मारू नये. 'अमुक तारखेला अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ तोंडी दिले, प्रतिक्रिया नाही, अ‍ॅलर्जीची नोंद रद्द' असे सहीनिशी लिहावे. डिस्चार्ज कार्ड, संगणकातील नोंद, वॉर्डातील फलक, फॅमिली डॉक्टरला पत्र आणि मेडिकल दुकानाची वही या सर्व ठिकाणी बदल झाला पाहिजे. रुग्णाशी आणि घरच्यांशी समोर बसून बोलावे, नाहीतर पुढच्या दवाखान्यात मावशी सवयीने 'मला पेनिसिलिन चालत न्हाई' असेच सांगतील आणि शिक्का पुन्हा बसेल.

अ‍ॅलर्जी खरी आहे आणि पेनिसिलिनशिवाय गत्यंतर नाही, असा प्रसंग गरोदरपणातील सिफिलिसमध्ये येतो. तिथे रुग्णालयात, अतिदक्षतेच्या तयारीने, अत्यल्प मात्रेपासून दर पंधरा-वीस मिनिटांनी दुप्पट करत पूर्ण मात्रेपर्यंत नेण्याची डीसेन्सिटायझेशनची पद्धत वापरतात. ही सवय औषध चालू असेपर्यंतच टिकते. म्हणून त्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर 'पेनिसिलिन दिले, चालले' असे लिहिणे धोक्याचे आहे. 'डीसेन्सिटायझेशन करून दिले, अ‍ॅलर्जी कायम' असे लिहावे.

नव्याने झालेली प्रत्येक संशयित प्रतिक्रिया भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाला कळवावी. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या या कार्यक्रमाचा नि:शुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. संशयित प्रतिक्रियेचा छापील अर्ज डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता यांपैकी कोणीही भरू शकतो. औषधाने त्रास झाला हे सिद्ध झालेले असण्याची अट त्यासाठी नाही. अर्जात बॅच क्रमांकाचा रकाना असतो, तेव्हा कुपी कचऱ्यात टाकण्यापूर्वी तिच्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा.